टोकावरून पायथ्याकडे

गोकुळाष्टमीला महिनाभर अवकाश असतानाच पनवेल, कळंबोली, कामोठे या भागांत संध्याकाळी मनोऱ्यांचा सराव सुरू होतो. तळाशी दणकट खांद्यांची माणसे, त्यांच्यावर तरुण मुले आणि सर्वांत वर अंगाने हलका असा 'एक्का'. हे थर तुम्ही दरवर्षी पाहता. पण एक गोष्ट तुमच्या लक्षात आली आहे का? चार-पाच वर्षांपूर्वी जो टोकावर चढत असे, तो आज मधल्या थरात दिसतो. आणखी काही वर्षांनी तो पायथ्याशी उभा राहील. त्याचे काही चुकले म्हणून त्याला कोणी खाली उतरवलेले नसते. तो वाढला, एवढेच.

दहीहंडीत हे सहज घडते आणि कोणाला त्याचे वाईट वाटत नाही. परंतु मनोरे आणि उड्या यांचाच एक स्पर्धात्मक खेळ आहे. त्यात बारा-तेरा वर्षांच्या मुलामुलींवर हीच वेळ येते तेव्हा 'आपला खेळ संपला' असे त्यांना वाटू लागते. वाढलेली उंची हा जणू गुन्हा ठरतो आणि काहीजण जेवण कमी करू लागतात. म्हणून या खेळाडूची कारकीर्द कशी चालते आणि तिच्यामागे पदार्थविज्ञानाचे कोणते नियम आहेत, हे समजून घेऊ या.

साधन नसलेला खेळ

या खेळाचे नाव ॲक्रोबॅटिक जिम्नॅस्टिक्स. मराठीत आपण त्याला जोडीची कसरत म्हणू शकू. यात बार नाही, रिंग नाही, मल्लखांबासारखा खांबही नाही. बारा मीटर लांब व बारा मीटर रुंद असा लवचीक पृष्ठभाग आणि त्यावर दोन, तीन किंवा चार खेळाडू. जोडीदाराचे शरीर हेच येथे साधन. मल्लखांबाचा लाकडी खांब गेल्या वर्षी होता तेवढाच यंदाही असतो. येथे मात्र साधन स्वतःच दरवर्षी वाढत असते. या खेळाची सारी गंमत आणि सारी अडचण यातच आहे.

स्पर्धेत पाच प्रकार असतात: महिलांची जोडी, पुरुषांची जोडी, मिश्र जोडी, तीन महिलांचा गट आणि चार पुरुषांचा गट. संगीताच्या साथीने सुमारे अडीच मिनिटांपर्यंतची रचना सादर करावयाची असते. एका रचनेत मनोरे व तोल असतात. तोल तीन सेकंद स्थिर धरला तरच तो मान्य होतो. दुसऱ्या रचनेत फेक, हवेतील कोलांट्या आणि झेल असतात. तिसरीत दोन्ही एकत्र येतात. खालच्या खेळाडूला आपण 'आधार' म्हणू, वरच्याला 'शिखर'. गटात या दोहोंमधला तो 'मधला'.

या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना १९७३ साली स्थापन झाली आणि पहिली जागतिक स्पर्धा १९७४ साली मॉस्को येथे भरली. १९९९ पासून हा खेळ आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स महासंघाच्या छत्राखाली आहे. ऑलिंपिकच्या पदकांत मात्र त्याला अद्याप स्थान मिळालेले नाही.

त्याचे वयोगट पाहिले की मौज वाटते. ११ ते १६, १२ ते १८, १३ ते १९ असे हे गट आहेत. शाळेच्या स्पर्धांत दोन वर्षांच्या फरकाने गट पाडतात. मग येथे एकाच गटात पाच-सहा वर्षांचे अंतर कसे? कारण उघड आहे. आधार थोराड हवा आणि शिखर लहानखुरे हवे. बहुतेक जोड्यांत एकजण शाळेच्या मधल्या वर्गांत, तर दुसरा कॉलेजच्या उंबरठ्यावर असतो.

छडीचा प्रयोग

प्रथम तोलाकडे वळू. एक प्रयोग करून पाहा. तीस सेंटिमीटरची फूटपट्टी तळहातावर उभी करा आणि हात हलवत ती न पडू देण्याचा प्रयत्न करा. ती पाहता पाहता पडते. आता सुमारे १२० सेंटिमीटर लांबीची काठी तशीच उभी धरा. थोड्या सरावाने ती बराच वेळ सावरता येते. लांब काठी अवघड असेल असे वाटले होते ना?

उभी वस्तू कलू लागली की तिचा कल वाढण्यास जो वेळ लागतो, तो तिच्या लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. लांबी चौपट झाली की हा वेळ दुप्पट होतो. डोळ्यांना कल दिसून हात हलेपर्यंत साधारण एक पंचमांश सेकंद जातो. फूटपट्टी तेवढा अवधी देत नाही, काठी देते.

या प्रयोगात आणखी एक धडा आहे. काठी स्वतः काहीच करत नाही. सावरण्याचे सगळे काम हात करतो. हात सतत गुरुत्वमध्याच्या खाली येण्याचा प्रयत्न करीत असतो. जोडीच्या कसरतीतही हाच नियम शिकवतात: वरच्याने घट्ट व स्थिर राहावयाचे, खालच्याने सावरावयाचे. दोघेही एकाच वेळी सावरू लागले तर एकाची दुरुस्ती दुसऱ्याची चूक ठरते आणि मनोरा कोसळतो.

म्हणजे शिखराची उंची वाढली की सगळेच बिघडते असे नाही. उंच शरीर कलावयास थोडा अधिक वेळ घेते. मग बिघडते काय? ते पाहण्यासाठी थोडे गणित करावे लागेल.

घन आणि चौरस

लहान मुलांच्या खेळातले लाकडी ठोकळे घ्या. सारख्या आठ ठोकळ्यांचा एक मोठा ठोकळा रचा. त्याची बाजू दुप्पट झाली, त्याच्या एका बाजूचे क्षेत्रफळ चौपट झाले आणि त्याचे वजन आठपट झाले. लांबी, क्षेत्रफळ आणि घनफळ एकाच वेगाने वाढत नाहीत, ही गोष्ट गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात प्राण्यांच्या हाडांच्या संदर्भात मांडली होती.

आता हाच नियम माणसाला लावू. वजन घनफळावर, म्हणजे लांबीच्या तिसऱ्या घातावर अवलंबून असते. स्नायूचे बळ त्याच्या आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावर, म्हणजे दुसऱ्या घातावर अवलंबून असते. आणि शरीर गोल फिरवण्यास होणारा विरोध, ज्याला पदार्थविज्ञानात निरूढी परिबल म्हणतात, तो चक्क पाचव्या घाताने वाढतो. असे का? वजन तिसऱ्या घाताने वाढते. शिवाय ते वजन फिरण्याच्या अक्षापासून दूर जाते आणि त्या अंतराचा वर्ग हिशेबात येतो. तीन अधिक दोन म्हणजे पाच.

समजा, कामोठ्यातली एक मुलगी सातवीत शिखर म्हणून खेळू लागली. तिची उंची १३५ सेंटिमीटर, वजन ३० किलोग्रॅम. दोन-अडीच वर्षांत ती १५५ सेंटिमीटर झाली. उंचीत वाढ किती? जेमतेम १५ टक्के. शरीराची ठेवण तीच राहिली असे मानून हिशेब करू:

उंची सुमारे १.१५ पट.
स्नायूंचे बळ सुमारे १.३ पट.
वजन सुमारे १.५ पट, म्हणजे ४५ किलोग्रॅम.
फिरण्यास होणारा विरोध सुमारे २ पट.

वीस सेंटिमीटर उंची वाढली आणि कोलांटी दुप्पट जड झाली! तिचे बळ वाढले खरे, पण वजनाच्या मानाने ते सुमारे १३ टक्क्यांनी घटले. काल सहज होणारी गोष्ट आज होत नाही, याचे कारण आळस नव्हे आणि भीतीही नव्हे. ते या चार ओळींत आहे.

फेक आणि झेल

आता ती हवेत काय करते ते पाहू. तिचे आधार तिला असे फेकतात की तिचा गुरुत्वमध्य हात सुटल्यापासून एक मीटर वर जातो. वर जाण्यास सुमारे ०.४५ सेकंद आणि तितकेच खाली येण्यास. सगळा खेळ ०.९ सेकंदाचा. एवढ्या वेळात गुडघे छातीशी घेऊन ती दोन कोलांट्या पूर्ण करते असे समजू.

हात सुटले की कोनीय संवेग बदलत नाही. अंग आखडले तर फिरण्यास होणारा विरोध कमी होतो व वेग वाढतो; अंग पसरले तर वेग मंदावतो. म्हणून उतरण्याआधी खेळाडू शरीर सरळ करतो. फिरत्या खुर्चीवर बसून हात पसरा आणि जवळ घ्या, म्हणजे हे तुम्हालाही कळेल.

मुलगी ४५ किलोग्रॅमची झाली, पण आधारांची फेकण्याची ऊर्जा तेवढीच राहिली, तर ती एक मीटरऐवजी सुमारे ६६ सेंटिमीटरच वर जाईल आणि हवेत ०.७३ सेकंद राहील. फिरण्यासाठी मिळणारा कोनीय संवेगही तेवढाच असेल, तर फिरण्याचा वेग निम्मा होईल. गुणाकार करून पाहा: दोन कोलांट्यांच्या जागी एकही पूर्ण होणार नाही, जेमतेम ०.८ फेरा होईल. म्हणजे पायांवर उतरण्याऐवजी ती पाठीवर किंवा तोंडावर येईल.

प्रत्यक्षात वाढ एका रात्रीत होत नाही. आधारांचे बळ वाढते आणि मुलगीही स्वतः जोर लावते. म्हणून बदल इतका भयंकर दिसत नाही. पण त्याची दिशा हीच असते. तो ध्यानात न घेता जुनीच उडी जुन्याच सवयीने मारणे हे अपघाताला आमंत्रण आहे.

झेलाचा हिशेबही पाहू. एक मीटर उंचीवरून येणाऱ्या शरीराचा वेग ताशी सुमारे १६ किलोमीटर असतो. झेलणाऱ्याने हात व गुडघे वाकवत २५ सेंटिमीटर अंतरात त्याला थांबवले, तर सरासरी बल वजनाच्या पाचपट होते: ३० किलोग्रॅमसाठी १५० किलोग्रॅम-वजन, ४५ साठी २२५. ताठ राहून ५ सेंटिमीटरांत थांबवले तर ते वजनाच्या २१ पट होते. क्रिकेटचा वेगवान चेंडू झेलताना हात मागे घेतात तो याच कारणाने. गादीचे कामही थांबण्याचे अंतर वाढवणे हेच.

कारकिर्दीचे टप्पे

आता कारकिर्दीचा नकाशा आपोआप उलगडतो. पाचसहा वर्षांच्या वयापासून पायाभूत व्यायाम: कोलांटी, हातांवर उभे राहणे, लवचीकपणा. पुढे आठ ते बारा या वयात हलकी मुले शिखर होतात. तेराच्या आगेमागे बहुतेकांची उंची झपाट्याने वाढते. कोणी मधले होतात, कोणी पुन्हा जमिनीवरचे काम पक्के करतात. पंधरा-सोळाच्या पुढे अनेकजण आधार बनतात. काही जन्मतः लहानखुरे खेळाडू वीस-पंचविशीपर्यंत शिखर राहतात, पण ते थोडे. नियमांनीही या बाबतीत तराजू धरला आहे: जोडीदारांच्या उंचीत फार मोठी तफावत असल्यास गुण कापण्याची तरतूद नियमपुस्तकात केलेली होती. त्यामुळे अगदी चिमुरडे मूल थोराड माणसाने फेकावे, हा सोपा मार्ग उरत नाही.

आधार होणे ही पदावनती आहे काय? मुळीच नाही. छडीचा प्रयोग आठवा. सावरण्याचे सारे कौशल्य खालच्या हातात असते. शिवाय जो स्वतः कधी टोकावर होता, त्याला वरच्याचा हात केव्हा कापतो, श्वास केव्हा अडतो, हे ठाऊक असते.

स्पर्धा संपल्यावर प्रशिक्षक किंवा पंच होता येते. काही खेळाडू रंगमंचाच्या किंवा सर्कशीच्या कसरतींकडे वळतात. सर्कशीशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. सांगली जिल्ह्यातील अंकलखोपचे विष्णुपंत छत्रे यांनी १८८० साली मुंबईत पहिली भारतीय सर्कस उभी केली. पण कसरतीवर पोट भरणारे फारच थोडे, हेही खरे. म्हणून शाळेचा अभ्यास सोडून या मागे लागणे शहाणपणाचे नव्हे.

वाढीचे वर्ष

या लेखाचा खरा मुद्दा आता येतो. मुलींची उंची साधारण ११ ते १२ व्या वर्षी, तर मुलांची १३ ते १४ व्या वर्षी सर्वांत वेगाने वाढते. त्या काळात वर्षाला आठ-नऊ सेंटिमीटर वाढ होणे स्वाभाविक आहे. पाय आधी लांबतात, धड मागून. मेंदूत आपल्या शरीराचा जो अंदाज बसलेला असतो तो जुना होतो. म्हणून हातून वस्तू पडतात, तोल जातो. स्नायूंचे बळ उंचीच्या मागून येते. मुलांमध्ये हे विशेष स्पष्ट दिसते. म्हणजे मध्ये काही महिने असे येतात की शरीर मोठे झाले आहे, पण बळ अजून वाटेत आहे. हे महिने धीराने काढावयाचे असतात.

याच काळात दोन धोके संभवतात. पहिला हाडांचा. लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेची एक पट्टी असते आणि हाड तेथे वाढते. ती पट्टी हाडापेक्षा नाजूक असते. हातांवर उभे राहण्याचा व उड्यांचा अतिरेक झाला तर मनगटातील ही पट्टी दुखावते. मनगट दोन-तीन आठवडे दुखत असेल, तर 'सरावाने जाईल' असे म्हणून चालणार नाही, डॉक्टरांना दाखवावे.

दुसरा धोका अन्नाचा. आपण जड झालो म्हणून जोडीदाराला त्रास होतो, असे वाटून मुले उपाशी राहू लागतात. पण वाढीच्या वयात अन्न कमी पडले तर आधी बळ जाते, मग हाडे कमकुवत होतात. मुलींची पाळी लांबते किंवा थांबते. ते चांगल्या तयारीचे लक्षण नसून धोक्याची सूचना आहे. खेळाडूंच्या शरीरातील या ऊर्जेच्या तुटवड्याकडे आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली खास लक्ष वेधले. वर दिलेल्या हिशेबाकडे पुन्हा पाहा: फिरण्यास होणारा विरोध मुख्यतः उंचीने वाढला आहे. उपाशी राहून उंची मागे घेता येत नाही. पोळी, भात, डाळ, दूध, अंडी, भाज्या हे पोटभर मिळालेच पाहिजे.

'उलट्या उड्यांनी उंची खुंटते' असे मोठी माणसे सांगतात. नीट प्रशिक्षण आणि पुरेसे अन्न असेल तर जिम्नॅस्टिक्सने प्रौढपणची उंची कमी होते, याला आधार मिळालेला नाही. जिम्नॅस्ट बुटके दिसतात, कारण या खेळात बुटकी मुले निवडली जातात आणि टिकतात.

जगालाही हे हळूहळू कळले. १९७६ साली माँट्रियल ऑलिंपिकमध्ये रुमानियाची नादिया कोमानेची वयाच्या चौदाव्या वर्षी पैकीच्या पैकी दहा गुण मिळवून गेली. त्यानंतर लहानात लहान मुली आणण्याची चढाओढ लागली. अखेर १९९७ पासून महिलांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत किमान वय सोळा करण्यात आले. आपल्याकडे दहीहंडीबाबतही १४ वर्षांखालील मुलांना थरांत घेणार नाही, असे राज्य शासनाने २०१७ साली मुंबई उच्च न्यायालयात सांगितले. दोन्हीकडे प्रश्न एकच: हलके म्हणून वर चढवलेल्या मुलाची काळजी कोणी घ्यावयाची?

तुम्ही काय कराल?

तुमच्या वर्गात एक उपक्रम करून पाहा. भिंतीवर मोजपट्टी लावून दर तीन महिन्यांनी प्रत्येकाने आपली उंची स्वतःच्या वहीत लिहावी. वर्षाअखेरीस आलेख काढावा. रेष कोठे उभी चढते ते पाहावे. ज्यांना खेळाची आवड आहे त्यांनी त्याच पानावर आपल्याला किती जोर काढता येतात आणि एका पायावर डोळे मिटून किती सेकंद उभे राहता येते, हेही नोंदवावे. उंचीची रेष चढत असताना तोलाची रेष खाली आली, तर गोंधळून जाऊ नका. काही महिन्यांनी ती पुन्हा वर येते की नाही, हे तुमचा आलेखच सांगेल.

क्रीडाशिक्षकांनाही हा आलेख उपयोगी पडेल. ज्या मुलाची उंची तीन महिन्यांत दोन सेंटिमीटरहून अधिक वाढली, त्याच्या उड्या व फेकी कमी कराव्यात, सराव पुन्हा जाड गादीवर आणावा, जुनी कोलांटी नवी समजून शिकवावी. आणि त्याला खालच्या जागेवर घेताना शब्द जपून वापरावेत. 'तू जड झालास' याऐवजी 'आता तुझ्या हातावर कोणीतरी उभे राहू शकेल' असे म्हटले, तर तेही तितकेच खरे असते.